पहिला गुरू पृथ्वी : खारपाणपट्ट्यातला एक अभ्यास



श्रीदत्तात्रेयांच्या चोवीस गुरूंची नावं आपल्यापैकी बहुतेकांना येतात. निदान पहिली सात तरी येतातच : पृथ्वी, वायू, आकाश, जल, अग्नी, चंद्र, सूर्य. पुढे कपोत, अजगर इथपर्यंत गाडी जाते, मग एकदम पिंगला आठवते आणि मधले राहून जातात. हरकत नाही. या लेखापुरतं आपल्याला मुख्यतः पहिलंच नाव पुरणार आहे. सोबतीला सूर्य आणि मधमाशी घेऊ.

अकोल्याच्या जुन्या शहरात आमचं एक लहानसं वाचनमंडळ आहे. दर गुरुवारी आरतीनंतर तासभर एकनाथी भागवत वाचायचं आणि मग चहा. पंधरा-वीस जण असतो, बहुतेक साठीच्या पुढचे. सातवा अध्याय चालू असताना आमच्यातल्या एका निवृत्त मास्तरांनी मधेच हात वर केला. म्हणाले, “पृथ्वी सगळं सोसते, कोणी कितीही तुडवलं तरी डगमगत नाही, हे खुद्द अवधूत सांगतात. मंग हे पर्यावरणवाले येवढे कायले बोंबलून राह्यले?” सगळे हसले, मीही हसलो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. भागवताचं वचन खरं मानायचं तर काळजीचं कारण नाही, आणि काळजी खरी मानायची तर वचनाचा अर्थ नीट लावला पाहिजे. मंडळाने ते काम माझ्याकडे सोपवलं. मी बी.कॉम., जन्मभर बँकेत क्लार्क. शास्त्री नाही, शास्त्रज्ञही नाही. मला जमा आणि नावे कळतं. तेव्हा त्याच चष्म्यातून मी हा अभ्यास केला. वाचकांनी तो तसाच घ्यावा.

आधी मूळ पाहू. भागवताच्या अकराव्या स्कंधात श्रीकृष्ण उद्धवाला एक जुना संवाद सांगतात. यदुराजाला एक तरुण अवधूत भेटतो. राजा विचारतो, तू काहीच करत नाहीस, तुझ्याजवळ काहीच नाही, तरी तू इतका आनंदात कसा? त्यावर अवधूत आपल्या चोवीस गुरूंची ओळख करून देतो. सातव्या, आठव्या आणि नवव्या अध्यायांत हा सगळा भाग आहे. तिथे तो केवळ अवधूत आहे. परंपरेने त्याला दत्तात्रेय मानलं. नाथांनी याच अकराव्या स्कंधावर मराठी टीका लिहिली आणि काशीला शके १४९५ मध्ये, म्हणजे इ.स. १५७३ साली, ती पुरी केली.

आता पृथ्वीपासून अवधूत नेमकं काय शिकला? दोन गोष्टी. एक, लोक आपापल्या दैवाप्रमाणे वागतात, त्रास देतात, तरी जाणत्याने आपल्या मार्गावरून ढळू नये. दुसरी गोष्ट बरेचदा वाचायची राहते. डोंगर आणि झाड ही पृथ्वीचीच रूपं, आणि त्यांचं असणं दुसऱ्यासाठी असतं. साधूने डोंगराकडून आणि झाडाकडून परोपकार शिकावा.

मास्तरांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. सोसणारी पृथ्वी हा गुरू आहे आणि आपण शिष्य. सोसायला शिकायचं आहे ते आपण. पृथ्वी सोसते म्हणून तिला वाटेल तसं वागवावं, असं या वचनात कुठेही नाही. सासूबाई सोशिक आहेत, त्यांच्याकडून सोशिकपणा शिक, असं आई मुलीला सांगते. त्याचा अर्थ मुलीने सासूबाईंना हवं तसं राबवावं असा कोणी काढत नाही. शिवाय ‘डगमगत नाही’ याचा अर्थ ‘नोंद ठेवत नाही’ असा होत नाही. बँकेचा काउंटरवरचा माणूससुद्धा दिवसभर डगमगत नाही, पण संध्याकाळी वही टॅली होतेच.

पृथ्वीची वही कशी असते हे पाहायला आपल्याला लांब जायला नको. अकोल्याहून अकोट रस्त्याला लागलं की गांधीग्रामला पूर्णा ओलांडावी लागते. त्याच पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आपला खारपाणपट्टा. गावं मोजली तर ८९४ सांगतात, क्षेत्र पावणेपाच लाख हेक्टरांच्या आसपास. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची डोंगररांग आणि मधे ही खोलगट पन्हळ. हजारो वर्षं नद्यांनी बारीक गाळ आणून ती भरली. उतार कमी, निचरा कमी, ऊन भरपूर. पाणी वाफ होऊन जातं आणि त्यातले क्षार मागे राहतात. म्हणून वरची जमीन काळी, कसदार दिसते आणि खालचं पाणी खारं.

तिथल्या लोकांना हे सांगायची गरज नाही. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. लग्न जुळवताना मुलीचा बाप आधी विचारतो, गावात गोडं पाणी आहे का? किडनीच्या आजाराचे रुग्ण या गावांत किती, ते तिथल्या कोणत्याही घरी विचारा. अकोट-तेल्हाऱ्याकडच्या गावांना वान धरणाचं पाणी ८४ खेडी योजनेतून मिळालं, तेव्हा कुठे बायांच्या डोक्यावरचे हंडे उतरले.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो, कारण हा अभ्यास तिथूनच खरा सुरू झाला. आमचं मूळ गाव पूर्णेच्या पलीकडे. वडिलोपार्जित पाच एकर माझा पुतण्या करतो. भाऊ तीन वर्षांमागे गेला. शेत कोरडवाहू : मूग, कापूस, तूर, आणि ओल राहिली तर मागाहून हरभरा. गेल्या उन्हाळ्यात तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “काका, बोअर घ्या लागते आता. पाऊस ऐन वक्तावर दगा देऊन राह्यला. बाजूच्यानं घेतला, त्याचा हरभरा पाहा कसा हाये!” पैसे माझ्या निवृत्तीच्या ठेवीतून द्यावेत अशी त्याची अपेक्षा होती, आणि ती चूक नाही, त्या शेतावरच माझं शिक्षण झालं.

मी त्याला म्हटलं, “बाबू, पैशाचं पाहू. आधी पाण्याचा हिशेब करू.”

आमच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकलेला एक तरुण आमच्या गल्लीत राहतो. त्याने मला हिशेबाची रीत शिकवली. इथे मी ती पूर्ण मांडतो, कारण कागद-पेन्सिल घेऊन कोणालाही करता येते.

समजा बोअरच्या एका लिटर पाण्यात दोन ग्रॅम क्षार आहेत. एकराचं क्षेत्र ४०४७ चौरस मीटर. एक पाणी म्हणजे शेतात ५० मिलिमीटर उभं पाणी धरलं, तर एकराला २ लाख २ हजार लिटर लागतात. त्यातून ४०४ किलो क्षार आले. हंगामात अशी चार पाणी दिली तर १६१६ किलो. म्हणजे सोळा क्विंटल मीठ एका एकरात, एका हंगामात! कोरडवाहू कापूस एकरी पाच-सहा क्विंटल निघाला तरी आपण समाधान मानतो. त्याच्या तिप्पट मीठ आपणच विजेचं बिल भरून वर आणायचं. पीक पाणी पिऊन घेतं, ऊन पाणी उडवून नेतं. मीठ कोणीच नेत नाही. पावसाळ्यात थोडंफार धुऊन खाली जातं, पण निचरा मुळातच मंद, तेव्हा पुरतं जात नाही. दरवर्षी जमेला मीठ आणि नावे काहीच नाही. असं खातं कुठे जाणार?

ते कुठे जातं, तेही त्या तरुणाने मातीचं ढेकूळ हातात घेऊन दाखवलं. आपल्या काळ्या मातीच्या बारीक कणांना कॅल्शियम धरून ठेवतं, तोवर माती रवाळ राहते, तिच्यात हवा आणि पाणी खेळतं. पाण्यातून सोडियम फार आलं की ते कॅल्शियमची जागा घेतं. मग कण एकमेकांपासून सुटतात, फुगतात आणि छिद्रं बुजतात. पावसात त्या शेतात पाणी तुंबतं, चिखल होतो, वाफसा येत नाही. उन्हाळ्यात तीच माती दगडासारखी. आपले शेतकरी त्याला जमीन चोपण झाली म्हणतात. पहिली दोन-तीन वर्षं बोअरवाल्याचा हरभरा खरंच छान दिसतो. सहाव्या-सातव्या वर्षी तोच माणूस जिप्सम टाकत फिरतो. जिप्समातलं कॅल्शियम सोडियमला हटवतं, ढैंचा पेरून गाडला की मातीला बरं वाटतं. पण हटवलेलं सोडियम वाहून जायलाही गोडं पाणी आणि निचरा लागतो. म्हणजे कर्ज फेडायलाही पुन्हा तेच भांडवल पाहिजे, जे आपल्याजवळ नव्हतं म्हणून कर्ज काढलं.

पुतण्या हे ऐकून बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मंग हरभऱ्यानं काय हवा प्यावी?” त्याचा राग समजण्यासारखा आहे. दोन मुलं आहेत, पीककर्ज आहे. ज्याचं पोट शेतावर आहे त्याला ‘बोअर घेऊ नको’ एवढंच सांगणं म्हणजे उपदेश झाला, आणि उपदेशाने हरभरा येत नाही.

हे संकट आपल्यावरच आलं असंही नाही. चार हजार वर्षांपूर्वी तैग्रिस-युफ्रेटिसच्या खोऱ्यात सुमेरी लोक कालव्यांवर गहू पिकवत. जमिनीत क्षार साठत गेले तसा गहू मागे पडला आणि क्षार जास्त सोसणारा जव वाढला. आपल्या काळातलं उदाहरण अरल समुद्राचं. नावाने समुद्र, पण खरं सरोवर, एकेकाळी जगात चौथ्या क्रमांकाचं. १९६० नंतर त्याला मिळणाऱ्या अमू दर्या आणि सिर दर्या या दोन नद्या शेतीकडे वळवल्या. कशासाठी? कापसासाठी. वऱ्हाडातल्या माणसाने हे दोनदा वाचावं. पुढच्या पन्नास वर्षांत सरोवराचा जेमतेम दशांश उरला आणि उघड्या पडलेल्या तळाचं मीठ वाऱ्याने शेतांवर उडू लागलं. अवधूताने समुद्राला गुरू केलं ते तो पावसाळ्यात नद्यांनी फुगत नाही आणि उन्हाळ्यात आटत नाही म्हणून. आज अरल आटला आहे आणि खरे समुद्र १९०० सालापासून सुमारे २० सेंटिमीटर चढले आहेत. त्या गुरूलाही आपण थोडं हलवलंच.

पुन्हा शेताकडे येतो. अवधूताचा सातवा गुरू सूर्य. त्याच्यापासून घेतलेला धडा वाचताना मी खुर्चीत सरळ बसलो होतो. सूर्य किरणांनी पाणी ओढून घेतो आणि योग्य वेळ आली की सोडून देतो, त्यात अडकत नाही. योग्याने विषय असेच घ्यावेत आणि सोडावेत. हे तर पाऊस कसा पडतो त्याचंच वर्णन. आणि माझ्यासारख्याला त्यात आणखी एक दिसलं : घेतलेलं वेळेवर परत करणं. चाळीस वर्षं मी हेच लोकांना समजावत होतो.

तर सूर्य आपल्याला परत किती करतो? अकोल्याचा पाऊस साधारण साडेसातशे मिलिमीटर धरू. एकराला ३० लाख ३५ हजार लिटर. पाच एकराला दीड कोटी लिटरहून जास्त, आणि त्यात मीठ जवळजवळ नाही. पुतण्याला मी हा आकडा सांगितला तेव्हा त्याने मोबाईलवर पुन्हा गुणून पाहिला. पाणी कमी नाही. ते चार महिन्यांत येतं, त्यातही पाच-सहा मोठ्या पावसांत, आणि बांध ओलांडून पूर्णेला जातं.

ते अडवायचं साधन म्हणजे शेततळं. ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ साली आली, तेव्हापासून नाव सर्वांना माहीत आहे. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल, बाजू उतरत्या. त्यात २१९६ घनमीटर म्हणजे जवळपास २२ लाख लिटर मावतं. पाच एकरांवर पडणाऱ्या पावसाचा हा सातवा हिस्सा. वाफ आणि गळती वजा केली तरी पाच एकर हरभऱ्याला एक संरक्षित पाणी नक्की. दुसरं वर्ष पाहून. आणि इथे खारपाणपट्ट्याची एक गंमत आहे. जी माती पाणी मुरू देत नाही म्हणून आपण तिला नावं ठेवतो, तीच माती तळ्यात पाणी धरून ठेवते. दुसऱ्या भागात प्लास्टिकचं अस्तर घालावं लागतं. इथे अनेक तळी अस्तराशिवाय टिकतात. झाडाला, डोंगराला, मातीला स्वभाव असतो, तो ओळखून घ्यावा, असंच तर अवधूत चोवीस वेळा सांगतो आहे.

शेततळ्याबद्दल मंडळात बोललो तेव्हा एका भगिनीने अकोलीच्या विहिरीची आठवण काढली. श्रीगजाननविजय वाचणाऱ्या प्रत्येकाला ती कथा माहीत आहे. भास्कर पाटलाने महाराजांना पाणी नाकारलं, महाराज बारा वर्षं कोरड्या पडलेल्या विहिरीपाशी बसले आणि विहिरीला झरे फुटले. भगिनी म्हणाल्या, “आपण आकडे मांडतो, पण कृपा झाली तर आकडे कुठे राहतात?” प्रश्न श्रद्धेचा आहे, त्याला मी हिशेबाने उत्तर देणार नाही. मात्र त्या कथेचा पुढचा भाग वाचावा असं मी सुचवलं. महाराज भास्कराला म्हणतात, आता पाणी आलं, मळा लाव. आणि भास्कर तो मळा नाकारतो. आपली निष्ठाच कोरडी विहीर होती, ती भरली, आता हे आमिष नको, असं म्हणतो. पाणी मिळाल्यावर माणूस काय करतो, याची कसोटी संतकवीने तिथेच घेतली आहे. आपल्याकडे पाणी लागलं की दुसऱ्या दिवशी केळी आणि ऊस यांचा विचार सुरू होतो.

गुरुचरित्रातल्या दोन कथाही मला या निमित्ताने वेगळ्या दिसल्या. एक चाळिसाव्या अध्यायातली. कुष्ठाने पीडित नरहरीला श्रीगुरू औदुंबराचं वाळलेलं लाकूड देतात आणि संगमावर रोवून रोज पाणी घालायला सांगतात. लोक हसतात. तो घालत राहतो आणि लाकडाला पालवी फुटते. दुसरी कथा पर्वतेश्वर नावाच्या शेतकऱ्याची. श्रीगुरूंच्या सांगण्यावरून तो हिरवी उभी ज्वारी कापून टाकतो, घरची माणसं ऊर बडवतात. पुढे अवकाळी वाऱ्या-पावसाने गावाचं पीक जातं आणि याच्या बुडख्यांना फुटवे येऊन अमाप धान्य होतं. ज्वारीच्या कापलेल्या धांड्याला ओल मिळाली की फुटवा येतो, हे आपल्याकडे गुराख्यालाही माहीत आहे. चमत्काराचं मोठेपण त्याने कमी होत नाही. कथा सांगणाऱ्याला ज्वारी माहीत होती, एवढंच माझं म्हणणं.

मधमाशीकडे वळण्याआधी एका माणसाची ओळख करून देतो. जे. सी. कुमारप्पा. जन्म १८९२, तंजावरचे. लंडनला शिकलेले हिशेब तपासनीस, मुंबईत स्वतःची फर्म. १९२९ साली गांधीजींची भेट झाली आणि फर्म मागे पडली. १९३४ साली वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, त्याचं काम त्यांनी मगनवाडीत बसून चालवलं. आमच्या अकोल्याहून वर्धा म्हणजे गाडीने काही तासांचा रस्ता, पण आमच्या मंडळात एकानेही त्यांचं नाव ऐकलं नव्हतं. तुरुंगात असताना त्यांनी ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’, म्हणजे टिकाऊपणाचं अर्थशास्त्र, हे पुस्तक लिहिलं. ते १९४५ च्या सुमाराचं. आज ज्याला शाश्वत विकास म्हणतात, तो विषय त्या पुस्तकात आधीच मांडलेला आहे.

मला नवल वाटलं ते त्यांच्या पद्धतीचं. हा हिशेबनीस अवधूतासारखाच प्राण्यांकडून शिकतो. वाघ दुसऱ्याला मारून जगतो, ही एक अर्थव्यवस्था. माकड न लावलेल्या झाडाचे आंबे खातं, ही दुसरी. पक्षी स्वतःचं घरटं स्वतः बांधतो, ही तिसरी. मधमाशी सगळ्या पोळ्यासाठी राबते, ही चौथी. पिल्लाला चारा भरवणारी पक्षीण काहीच परत मागत नाही, ही पाचवी आणि सर्वांत वरची. बोअरच्या हिशेबात आपण कुठे बसतो? मला वाटतं माकडापाशी. आणि खालचं पाणी संपेपर्यंत उपसलं तर वाघापाशी.

कुमारप्पांनी आणखी एक भेद केला आहे, तो बँकेत काम केलेल्याला लगेच कळेल. काही संपत्ती साठ्याची असते : कोळसा, खनिज तेल, धातू. काढलं की तेवढं कमी झालं. काही प्रवाहाची असते : झाडं, पाऊस, ऊन. ती जपून वापरली तर पुन्हा येत राहते. पहिलं मुद्दल, दुसरं व्याज. व्याजावर जगणारा पेन्शनर वर्षानुवर्षं काउंटरवर येतो. ठेव मोडून खाणाऱ्याचं पासबुक एक दिवस बंद होतं. मी दोन्ही प्रकारची माणसं पाहिली आहेत, आणि खरं सांगायचं तर मुद्दल मोडणारे बहुतेक उधळे नव्हते, अडलेले होते. मुलीचं लग्न, दवाखाना, बुडालेलं पीक. पृथ्वीचं मुद्दल मोडणाऱ्यांतही माझा पुतण्या या अडलेल्यांत येतो. उधळे कोण, ते शहरातल्या लोकांनी आपापल्या घरात पाहावं.

मधमाशीबाबत मात्र अवधूत आणि कुमारप्पा यांचं लक्ष वेगवेगळ्या गोष्टींवर आहे. अवधूत म्हणतो, तिच्यासारखं अनेक फुलांतून थोडं थोडं घ्यावं, पण तिच्यासारखा साठा करू नये, साठ्यासकट जीव जातो. कुमारप्पा तिच्या सहकाराचं कौतुक करतात. दोघांनाही जमेस धरून मी एक भर घालतो : ती घेताना देतेही. एका फुलाचे पराग दुसऱ्याला पोचतात. कांद्याचं बी, सूर्यफूल, तूर यांना तिचा उपयोग होतो. फवारणीच्या हंगामात तिचं काय होतं, हे ज्याचं शेत आहे त्याने एकदा सकाळी नऊ वाजता तुरीच्या फुलात उभं राहून मोजावं.

शहरातला मी, म्हणून मोर्णेबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. जुन्या शहराच्या दारातून वाहणारी ही नदी. १३ जानेवारी २०१८ ला तिची मोठी सफाई झाली. सहा हजारांहून अधिक लोक नदीत उतरले, शंभरावर संस्था होत्या, आणि २८ जानेवारीच्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी अकोल्याचं नाव घेतलं. आम्हां सर्वांना फार अभिमान वाटला. जलकुंभी मात्र पुन्हा आली. तिलाही दोष देता येत नाही. दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर पोसते. पोषक पाणी मिळालं तर दोन-तीन आठवड्यांत दुप्पट होते. नाल्यांचं पाणी नदीत येतंय तोवर जलकुंभी काढणं म्हणजे नावेची नोंद खोडरबराने पुसणं. नोंद पुसली जाते, देणं राहतं. माणसं उतरली ते चांगलंच झालं, याबद्दल दुमत नाही. पण संडासाचं आणि मोरीचं पाणी कुठे जातं हे आपल्या गल्लीत किती जणांना ठाऊक आहे?

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी आपल्याकडे राजराजेश्वराला कावड येते. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन रातोरात अठरा किलोमीटर चालत येणं, आणि या प्रथेचं मूळ १९४४ सालच्या अवर्षणात सांगतात. मी तरुणपणी तीन वर्षं खांदा दिला आहे. त्या पाण्याचं वजन ज्याच्या खांद्याला माहीत आहे, त्याला पाण्याचं मोल निराळं शिकवावं लागत नाही. आणि लक्षात घ्या, कावडीत भरतात ते वाहतं, त्या वर्षीच्या पावसाचं पाणी. खाली दोनशे फुटांवर खारं पाणी आहे. ते देवाला नेत नाहीत.

मंडळाने आता ठरवलं आहे की नुसतं वाचायचं नाही, प्रत्येकाने एक गुरू घेऊन वर्षभर पाहायचा. त्याची रीत सोपी आहे. एकाने गच्चीवर सरळ बाजूंचा पत्र्याचा डबा ठेवून पट्टीने पाऊस मोजायचा आणि वहीत लिहायचा. मास्तरांनी जल घेतलं आहे. क्षार मोजायचं पेनाएवढं यंत्र मिळतं, ते घेऊन ते गल्लीतल्या विहिरी आणि हापशी तपासतात. आकडा जास्त आला की घरमालक रागावतात, ही वेगळी गोष्ट. एकाने टिटवी घेतली आणि पहिल्याच महिन्यात अडचण आणली. चोचीतल्या मांसासाठी इतर पक्षी कुरराच्या मागे लागतात आणि मांस टाकताच तो सुखी होतो, असं भागवतात आहे. मराठीत कुरर म्हणजे टिटवी असं सांगतात. पण टिटवी तर किडे टिपते, मांस नाही! बहुधा मूळचा कुरर मासे पकडणारा शिकारी पक्षी असावा. शास्त्रीबुवांना विचारलं, ते म्हणाले पाहून सांगतो. हा अभ्यास मला फार आवडला, कारण माणूस ग्रंथातून उठून नदीकाठी गेला आणि परत ग्रंथाकडे आला.

पुतण्याच्या बोअरचं अजून ठरलेलं नाही. शेजारच्या बोअरचं पाणी आणि आमच्या शेताची माती तपासायला दिली आहे, निकाल यायचा आहे. शेततळ्यासाठी खोलगट कोपरा दाखवून झाला. त्यात नऊ गुंठे जातात, भराव धरला तर बारा. वहिनींचा विरोध आहे. त्या कोपऱ्यात सगळ्यात चांगली तूर येते आणि घरची वर्षाची डाळ तिथूनच निघते. “तळं भरलं तर ठीक,” त्या म्हणतात, “पण पाऊस नाही आला तर तळंही कोरडं आन् तूरही गेली. मंग?” मी त्यांना अजून उत्तर दिलेलं नाही. गेल्या वीस वर्षांचा गावचा पाऊस कुठे मिळेल ते शोधतो आहे, म्हणजे किती वर्षं तळं भरलं असतं ते वहिनींसमोर मांडता येईल. खोदायचं झालं तर चैत्राच्या आत सुरू करावं लागेल.